टिकटिक कुठली, मिसिंग कुठलं?

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात फिरणारे बरेचसे जुने ट्रक लांब पल्ल्यावरून उतरून इथे आलेले असतात. उमेदीच्या काळात त्यांनी कसारा घाट चढून नाशिक, धुळे, इंदूर केलेलं असतं. आता माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा एवढाच टापू त्यांच्या वाट्याला येतो. एका गोदामातला माल दुसऱ्यात, सुताचे बीम सायझिंगमधून यंत्रमागाच्या कारखान्यात, कापडाचे ताके डाइंगला. किलोमीटर थोडे आणि थांबणं फार. इंजिन चालू ठेवून रांगेत उभं राहायचं, थोडं सरकायचं, पुन्हा उभं राहायचं. अशा गाडीचा मालक एक दिवस गॅरेजमध्ये येतो आणि दोन तक्रारी एका दमात सांगतो, "टिकटिक येतेय आणि मिसिंग मारतेय."

या दोन्हींचं मूळ एकच आहे असं धरून चाललं की पैसा वाया जायला सुरुवात होते. कधी मूळ खरंच एक असतं, कधी दोन वेगळे बिघाड एकाच वेळी लक्षात आलेले असतात. कुणी म्हणतं नोझल बदलू, कुणी म्हणतं पंप उतरवू, कुणी थेट हेड खोलायला निघतं. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस गाडी उभी राहते आणि हप्ता मात्र उभा राहत नाही. म्हणून एक आग्रह मनापासून मांडावासा वाटतो. ज्या चाचणीसाठी काहीच उघडावं लागत नाही ती आधी करायची, जिच्यासाठी एक नट सैल करावा लागतो ती त्यानंतर, आणि हेडला हात सगळ्यात शेवटी. जुनं इंजिन या क्रमाने तपासलं तर बहुतेक गोष्टी पाना उचलायच्या आधीच कळतात.

जुनं इंजिन म्हणजे कोणतं, तेही सांगायला हवं. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून मर्सिडीजचे ट्रक बाहेर पडू लागले. करार १९६९मध्ये संपला, पण इंजिनांचा वंश चालू राहिला. ५,६७५ सीसीचं '६९७' इंजिन त्याच घराण्यातलं. पुढे १९९३मध्ये टाटा-कमिन्स ही कंपनी उभी राहिली आणि ५.९ लिटरचं कमिन्सचं '६बीटी' इंजिन टाटांच्या गाड्यांत बसू लागलं. या दोन्हींत सहा सिलिंडर एका रांगेत, कॅमशाफ्ट खाली, तिथून वर जाणाऱ्या पुशरॉड, त्यांनी हलणारे रॉकर आणि डिझेल ढकलणारा यांत्रिक पंप, अशीच रचना आहे. कॉम्प्युटर कुठेच नाही, त्यामुळे स्कॅनर लावून कोड वाचायची सोय नाही. कान, पाना आणि फिलर गेज यांवरच सगळा शोध चालतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सुमारे सतरा पटीने दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसेल तर पुरेसा दाब तयार होत नाही, डिझेल नीट फवारलं जात नाही, किंवा हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेत अडथळा आहे, यांतलं एक काहीतरी असतं. मिसिंगचा सगळा शोध या तिघांतला कोण, एवढ्याचसाठी असतो.

चांगला मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी चालकाला विचारतो, "सकाळी थंड असताना मारते की गरम झाल्यावरही? रिकामी असताना की भरल्यावर? डिझेल कुठे भरलं होतं? पावसात टाकीचं झाकण नीट होतं का?" सकाळी मिसिंग आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर, मग गरम झाल्यावर सगळं ठीक, असं असेल तर दाब कमी पडतोय किंवा नोझल थेंब टाकतंय. गाडी उभी असताना सुरळीत आणि चढाला लोड घेत नाही, असं असेल तर डिझेल पुरत नाही किंवा हवेचा फिल्टर चोंदलाय. धुराचा रंगही पाहायचा. पांढरा आणि उग्र वासाचा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळतंय. मग डिपस्टिक ओढायची. ऑइल कमी असेल तर आधी तेवढं करायचं. ऑइलला डिझेलचा वास येत असेल किंवा ते दुधाळ झालं असेल, तर शोधाची दिशा तिथेच बदलते.

आता आवाज. यंत्रमागाच्या कारखान्यात मुरलेला माणूस शेकडो मागांच्या खडखडाटात एका मागाचा चुकलेला ठोका ओळखतो. इंजिनचा आवाजही तसाच, ठेक्याने ओळखायचा असतो. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर उभं असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा उघडतो. म्हणून टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या फटीची, टिकटिक सेकंदाला ५ या संथ ठेक्यात येते, मोजता येईल इतकी सुटी. क्रँकच्या बेरिंगचा ठोका बहुधा फेऱ्यागणिक म्हणजे सेकंदाला १० आणि जाड, खालून येणारा. सहा सिलिंडर मिळून सेकंदाला ३० वेळा पेटतात. त्यांतला एक मेला की २५च उरतात आणि सेकंदाला ५ खाचा पडतात. गाडीचं थरथरणं म्हणजे याच खाचा.

ठेका सेकंदाला ५चा निघाला म्हणून टॅपेटवर शिक्का मारायचा नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट एका ठिकाणी फुटलं असेल तर तिथूनही त्याच ठेक्यात 'टिक-टिक' किंवा 'फस-फस' येतं. नोझलचाही ठोका तोच. इथे जागा पाहायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून एकेक जागा ऐकत जायचं, पंखा आणि पट्ट्यापासून कपडे आणि हात लांब ठेवून. रॉकर कव्हरवर आवाज टोकदार आला तर टॅपेटचा संशय पक्का होतो. मॅनिफोल्डच्या जोडाशी काजळीचा काळा पट्टा दिसला आणि इंजिन तापल्यावर आवाज कमी झाला, तर गॅस्केट. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून तो आवाज विरतो. डिझेलमध्ये हे गळणं सहसा मिसिंगचं कारण नसतं, त्यामुळे तक्रारी दोन आणि बिघाडही दोन, हे तिथेच ठरतं.

यानंतरची चाचणी जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीची सगळ्यात मोलाची चाचणी आहे. इंजिन चालू, गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना गुटके. पंपाकडून पहिल्या नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट पान्याने थोडा सैल करायचा. डिझेल त्या नटातून बाहेर पडतं, नोझलपर्यंत दाब पोहोचत नाही आणि तो सिलिंडर बंद होतो. इंजिन दणका खाऊन मंदावलं, तर तो सिलिंडर काम करत होता. नट घट्ट करून पुढच्याकडे जायचं. एके ठिकाणी नट सैल केला तरी इंजिनाला काहीच फरक पडत नाही. तोच आपला सिलिंडर, तो आधीपासून मेलेला होता. पाच मिनिटांत सहाचा प्रश्न एकावर येतो. मॅनिफोल्डच्या सहा तोंडांवर पाण्याचे थेंब टाकूनही हे ताडून पाहतात. इंजिन नुकतंच सुरू झालं असताना जिथे थेंब चर्र करून उडत नाही तो सिलिंडर थंड आहे.

या चाचणीत निष्काळजीपणा अजिबात चालत नाही. पाइपमधला दाब २०० बारच्या पुढे असतो. त्याची बारीक धार कातडीतून आत शिरते, वर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आत डिझेल पसरत जातं आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हात गमवायची पाळी येते. असा ठिपका दिसला तर मलमपट्टी करत न बसता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं आणि 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं. नट सैल करताना डोळ्यांवर चष्मा हवा, नटावर फडका हवा आणि बोट धारेसमोर कधीच नको. आणि गाडी कॉमन रेलची असेल तर ही चाचणी करायचीच नाही. तिथे दाब हजार बारच्या कितीतरी पुढे असतो. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६चे धुराचे नियम आले, त्यानंतरच्या गाड्यांचा हा मार्गच नव्हे. त्यांना स्कॅनर लावायचा.

नट सैल करताना कान टिकटिकीकडे ठेवायचा, कारण दोन तक्रारींचं नातं इथेच उलगडतं. सिलिंडर बंद करूनही टिकटिक जशीच्या तशी राहिली तर ती यांत्रिक आहे, म्हणजे टॅपेट, रॉकर किंवा पुशरॉड. आवाज एकदम मेला तर तो जळणाचा आहे, म्हणजे नोझल अडकून अवेळी किंवा जास्त डिझेल टाकतंय. एक सावधगिरी मात्र हवी. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग झिजलं असेल तर तोही ठोका सिलिंडर बंद केल्यावर कमी होतो, कारण त्याच्यावरचा भार उतरतो. तो आवाज जड असतो, रेस दिली की वाढतो आणि ऑइलचा दाबही कमी दिसतो. असं असेल तर इंजिन तिथेच बंद करायचं. त्या अवस्थेत गाडी जवळच्या पडघ्यापर्यंत नेण्याचाही मोह धरू नये. रॉड तुटून ब्लॉक फुटला तर मग दुरुस्तीचं बोलणंच उरत नाही.

मेलेला सिलिंडर सापडला, समजा तो तिसरा. लगेच नवं नोझल आणायचं नाही. तिसऱ्याचा इंजेक्टर, म्हणजे नोझल धरणारा सगळा भाग, चौथ्यात आणि चौथ्याचा तिसऱ्यात बसवायचा, तांब्याचे वॉशर नवे टाकायचे, आणि नट सैल करण्याची चाचणी पुन्हा घ्यायची. मिसिंग चौथ्यावर गेलं तर दोष इंजेक्टरचा. ते तिसऱ्यावरच राहिलं तर इंजेक्टर निर्दोष, आणि संशय पंपात त्या सिलिंडरला डिझेल देणाऱ्या एलिमेंटवर किंवा सिलिंडरच्या दाबावर. या अदलाबदलीला वॉशरांपलीकडे खर्च नाही आणि हिने कितीतरी चांगले इंजेक्टर भंगारात जायचे वाचतात.

नोझल इतकं नाजूक का असतं, हे त्याची सुई हातात घेतल्यावर कळतं. सुई आणि तिची नळी यांच्यातली फट एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-चार भागांएवढी असते. सुई नळीतून अर्धी बाहेर काढून उभी धरली तर ती आपल्याच वजनाने सावकाश खाली उतरली पाहिजे. अडखळली तर ती कामातून गेली. भिवंडीहून कसारा घाट चढून नाशिकला गेलं की सातपूरला बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना आहे. नाशिककर आजही तिथल्या चौकाला मायको सर्कल म्हणतात. मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजे मायको, १९५१ साली सुरू झालेली, २००८मध्ये तिचं नाव बॉश झालं. इतक्या बारकाईने घडवलेल्या सुईला दोन गोष्टी सोसत नाहीत, एक पाणी आणि दुसरा काजळीचा थर. पावसाळ्यात टाकीच्या ढिल्या झाकणातून पाणी आत जातं, तळाशी साचतं आणि सुई गंजून अडकते. आणि भिवंडीतल्या रांगेत तासन् तास भाराविना चालणारं इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि नोझलच्या टोकावर काजळी धरते. थांबून राहणाऱ्या गाडीची नोझलं पळणाऱ्या गाडीच्या आधी खराब होतात, ती यामुळे. पाणी-सापळ्यातलं पाणी नियमित सोडणं आणि रांग लांब असेल तर इंजिन बंद करणं, हे दोन उपाय फुकटचे आहेत.

इंजेक्टर नोझल-पंपवाल्याच्या टेस्टरवर लावून बघता येतो. हातपंप मारला की साधारण २०० ते २५० बारच्या दरम्यान, इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर, तो उघडला पाहिजे, कर्र-कर्र आवाज करत धुक्यासारखा फवारा दिला पाहिजे आणि नंतर टोक कोरडं राहिलं पाहिजे. टोकाला थेंब लोंबला की नापास.

टिकटिक आणि मिसिंग या दोन्हींचं एकच कारण असण्याची एक जागा इथेच आहे, आणि ती बरेचदा नजरेतून सुटते. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर नीट बसला नसेल किंवा जुनाच पुन्हा वापरला असेल, तर जळणाचा दाब तिथून निसटतो. 'चक-चक' असा आवाज येतो, सिलिंडरचा दाब घटतो आणि मिसिंग सुरू होतं. इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकलं की बुडबुडे येतात. आजूबाजूला काळं डांबरट कार्बन साचलेलं असतं. काही रुपयांचा वॉशर, आणि त्यापायी हेड खोललेल्या गाड्या आहेत.

आता टॅपेट. इथे लोकांचा समज उलटा असतो, म्हणून जरा थांबून सांगतो. टिकटिक करणाऱ्या टॅपेटची फट जास्त झालेली असते. व्हॉल्व्ह थोडा उशिरा उघडतो, थोडा कमी उघडतो, आवाज करतो, पण बंद मात्र पूर्ण होतो. फट कमी झालेलं टॅपेट गप्प असतं आणि खरं नुकसान ते करतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकलेला असताना हेडला देतो. फट उरली नाही तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नाही, उष्णता जायला वाट राहत नाही, जळते वायू कडेवरून सुटतात आणि कड जळते. दाब गेला, मिसिंग आलं, आवाज काहीच नाही. जुन्या इंजिनात सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते, म्हणजे इंजिन दिवसेंदिवस शांत होतं आणि मालक खूश असतो. टिकटिक पहिल्या सिलिंडरची आणि मिसिंग पाचव्याचं, असा प्रकार त्यामुळे घडू शकतो. केवळ आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून देणारा माणूस गाडीचं भलं करत नाही.

सेटिंग इंजिन पूर्ण थंड असताना करायचं. ६बीटीला इनटेकला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी फट लागते. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याला दुप्पट जागा. इतर इंजिनांचे आकडे वेगळे, ते त्यांच्या पुस्तकातूनच घ्यायचे. पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. पहिला आणि सहावा पिस्टन एकत्र वर येतात. क्रँक हाताने फिरवत सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचे दोन्ही बंद असतात. तेव्हा पहिला सेट करायचा. याच जोड्यांनी, ५ला २ आणि ३ला ४ बघत, सगळे होतात. फिलर गेजचं पातं ओढताना हलकीशी पकड जाणवली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पातं पुन्हा घालून बघायचंच.

एकाच व्हॉल्व्हची फट बाकीच्यांपेक्षा फारच वाढलेली दिसली तर नुसती भरून काढून कव्हर लावायचं नाही. ती का वाढली? पुशरॉड काढून काचेवर लोळवायची, वाकलेली असेल तर उडत जाते. रॉकरचा बुश हलवून बघायचा. सगळं ठीक असूनही काही दिवसांत फट पुन्हा वाढली, तर कॅमचा उंचवटा झिजतोय. तिथे फट कितीही बरोबर ठेवली तरी व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, आणि टिकटिक व मिसिंग दोन्ही परत येतात.

टॅपेट ठीक, इंजेक्टर ठीक, तरी तिसरा मेलेलाच, तर दाबाकडे वळायचं. डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारला की निरोगी इंजिन एकसारखं घुरघुरतं. कमी दाबाच्या सिलिंडरवर ते हलकं होऊन पळतं, ते कानाला कळतं. याहून नेमकी चाचणी टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरने होते. तिसरा पिस्टन दाबाच्या स्ट्रोकच्या अगदी वर आणून, गाडी गियरमध्ये आणि चाकं अडवून, इंजेक्टरच्या भोकातून हवा सोडायची आणि ऐकायचं. सायलेन्सरमधून सुसाट आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा आणि लायनर, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम मेले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटल्याचा संशय सर्वांत आधी घ्यायचा. एवढं कळल्यावर हेड खोललं तर ते कशासाठी खोलतोय हे माहीत असतं.

मिसिंग एकाच सिलिंडरवर न राहता फिरत असेल, कधी इथे कधी तिथे, तर ही सगळी मेहनत सोडून डिझेलची लाइन बघायची. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेत पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे तिथल्या ढिल्या क्लिपमधून किंवा तडकलेल्या रबरी पाइपमधून डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हात-पंप मारला की फेस येत राहतो. फेस थांबलाच नाही तर गळती पाठीमागे आहे.

काम झाल्यावर सहाही नट पुन्हा एकेक करून सैल करायचे आणि सहाही ठिकाणी इंजिन सारखंच मंदावतं का ते बघायचं. हेड उतरवलं असेल तर थोडं चालवून टॅपेट पुन्हा तपासायची. मग गाडी भरून चढाला न्यायची, धूर बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनाच्या पहिल्या सेल्फला मालकाने स्वतः हजर राहायचं. काही उरलं असेल तर ते त्या पहिल्या मिनिटात दिसतं, तासभर गरम केलेल्या इंजिनात ते सापडत नाही.